हौसेला मोल असते

(१) धागा : नाणेसंग्राहकांच्या मुलाखती, स्मरणिका, प्रदर्शनांतील परिचयपत्रके यांचा आरंभ बहुधा एकाच साच्यातला असतो. आजोबांच्या ट्रंकेत एक काळवंडलेला पैसा सापडला. वाण्याने सुट्या पैशांत चुकून परदेशी नाणे दिले. जुन्या बाजारात पावसामुळे आडोशाला थांबावे लागले आणि समोरच्या फडक्यावर तांब्याच्या काही चकत्या दिसल्या. ‘आणि तेव्हापासून छंद जडला.’ ऐकणारा प्रसन्न होतो. टाळ्या पडतात.

(२) या कथेत एक गोष्ट कधीच नसते : ते नाणे फडक्यावर येण्यापूर्वी कोठे होते. कोणत्या गावच्या शिवारात, किती खोल, कोणत्या मडक्यात, आणखी किती नाण्यांसोबत? कथा सुरू होते ती नाणे संग्राहकाच्या हाती पडल्यावर. जणू दोन हजार वर्षे ते नाणे त्याच क्षणाची वाट पाहत होते.

(३) हौसेला मोल नसते, असे मराठीत म्हणतात. नाण्यांच्या हौसेला मोल असते. फक्त ते दुसरेच कोणी चुकवते. बहुतेक वेळा इतिहास चुकवतो.

(४) हे विधान अतिशयोक्त वाटत असेल, तर नाशिकजवळच्या जोगळटेंभीची हकिगत पाहावी. १९०६ साली या गावात चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तोही योगायोगच, कोणी संशोधक तेथे उत्खनन करीत नव्हता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती नाणी तपासली आणि १९०८ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांवर लेख प्रसिद्ध केला. नाणी १३,२५० हून अधिक होती. सारी मूळची क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूस राजाचे मस्तक व त्याभोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. एका लहानशा चांदीच्या तुकड्यावर तीन लिप्या!

(५) स्कॉट यांनी पुढे जे केले ते दिसायला रूक्ष आहे. त्यांनी मोजले. सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. एकीकडे तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे तथाकथित उज्जयिनी चिन्ह. नहपानाच्या चेहऱ्यावर, नाकाडोळ्यांची पर्वा न करता. उरलेल्या सुमारे चार हजार नाण्यांना सातवाहनांचा हात लागलेला नव्हता.

(६) आता या साठ्यातील एकच नाणे कल्पनेने उचलून पाहावे. ते पुनर्मुद्रित असेल, तर त्यावरून एवढेच कळते की गौतमीपुत्राने नहपानाचे एक नाणे पुन्हा ठोकले. ते अस्पर्श असेल, तर तेवढेही कळत नाही. शंभरातील सत्तर पुनर्मुद्रित व तीस जुनीच, हे प्रमाण कोणत्याही एका नाण्यावर लिहिलेले नाही. ते साठ्यावर लिहिलेले आहे. सत्तापालट झाला, नव्या राजाने पराभूत राजाची चांदी न वितळवता तिच्यावरच आपला शिक्का मारला, आणि दोन्ही प्रकारची नाणी एकाच हाताने एकत्र साठवून एकाच वेळी पुरली. हे सारे ज्ञान ‘एकत्र’ या एका शब्दावर उभे आहे.

(७) नाशिकच्या पांडवलेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या पुत्राने क्षहरात वंश निःशेष केल्याचे सांगितले आहे. मुलाच्या पराक्रमाविषयी आईने कोरविलेला लेख! एखादा शंकेखोर वाचक त्याला पुत्रप्रेमाची अतिशयोक्ती म्हणू शकला असता. जोगळटेंभीच्या साठ्याने ती सोय ठेवली नाही. त्याच डोंगरातील दुसऱ्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात आपल्या दानाचा हिशेब देतो, त्यात ३५ कार्षापणांस एक सुवर्ण असा दर आहे आणि ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण असे गणित आहे. लेणी दर सांगतात आणि जवळच्याच गावातील मडके प्रत्यक्ष चांदी दाखवते. असा जुळणारा पुरावा प्राचीन महाराष्ट्राच्या वाट्याला फार थोड्या ठिकाणी आला आहे.

(८) हाच साठा जर ‘छंद जडलेल्या’ असंख्य जणांत पाच-पाच, दहा-दहा नाण्यांनी वाटला गेला असता, तर? प्रत्येकाकडे एक सुंदर नाणे आणि एक सुंदर आठवण राहिली असती. इतिहासाकडे काही राहिले नसते. हौशी वर्तुळाला हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेले असते : ‘संग्राहक नसते तर ही नाणी केव्हाच मुशीत गेली असती.’

(९) हे उत्तर खोटे नाही. त्याचा मान राखून त्याचा विचार करावा लागतो. आणि त्यासाठी काबूलच्या उत्तरेस, बेग्रामच्या मैदानात जावे लागते.

(१०) चार्ल्स मॅसन हे त्याचे खरे नावच नव्हे. तो जेम्स लुइस. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यातील साधा शिपाई. १८२७ साली आग्र्याहून पळाला, नाव बदलले आणि आपण अमेरिकेतील केंटकीचे रहिवासी आहोत अशी बतावणी करीत सिंधूपलीकडे फिरत राहिला. १८३३ साली तो बेग्रामला पोहोचला. त्याला शोधायचे होते ते सिकंदराने हिंदुकुशच्या पायथ्याशी वसविलेले नगर. नाणी गोळा करणे हा त्याचा धंदा नव्हता आणि त्याविषयी त्याचे शिक्षणही झालेले नव्हते. ‘योगायोगाने सुरू झालेला संग्रह’ या वर्णनाला याहून चोख उदाहरण शोधून सापडणार नाही.

(११) मॅसनने स्वतः लिहून ठेवलेली पहिल्या दिवसाची हकिगत मात्र स्मरणिकांतील गोड कथांहून वेगळी आहे. मैदानातील लोकांकडे पिशव्या भरभरून नाणी होती, तरी कोणी दाखवीना. अखेर एकाने एक झिजलेले नाणे पुढे केले. मॅसनने त्याचे दोन पैसे दिले. ते पाहून दुसरे पुढे आले, मग तिसरे; पिशव्यांची तोंडे सुटली आणि पहिल्याच भेटीत त्याच्या पदरी सुमारे ऐंशी नाणी पडली.

(१२) लोक नाणी लपवीत होते ते का, हे त्याला नंतर कळले. साहेबाला नाण्यांची गोडी लागली, तर तो साऱ्या गावाला वेठीस धरून मैदान उपसायला लावील, ही त्यांना धास्ती होती.

(१३) येथे थांबून विचार करावा. एकाच क्षणाचे दोन अर्थ आहेत. संग्राहकाच्या बाजूने पाहिले, तर तो एका महान संग्रहाचा मंगल आरंभ. मैदानातल्या माणसाच्या बाजूने पाहिले, तर वेठबिगारीची भीती आणि दोन पैशांचा मोह यांमधली घासाघीस. नाण्यांच्या इतिहासाची पुस्तके पहिला अर्थ जपतात. त्या माणसाचे नाव मॅसननेही नोंदविलेले नाही.

(१४) तरीही मॅसनच्या बाजूने बरेच बोलता येते, आणि न्यायासाठी ते बोललेच पाहिजे. त्याच्यापूर्वी बेग्रामची नाणी काबूलच्या टांकसाळीत आणि काबूल-चारीकारच्या तांबटांच्या भट्ट्यांत वितळत होती. त्याने ती थांबविली. १८३३ च्या अखेरीस त्याच्याकडे १,८६५ तांब्याची नाणी झाली होती. पुढच्या वर्षांत, मुंबई सरकारने खर्चाला पैसे पुरविल्यावर, संख्या हजारोंच्या पटीत वाढली. त्याने सोन्या-चांदीपुरतीच निवड केली नाही. झिजलेले, कवडीमोल तांबेही ठेवले आणि ते सारे बेग्रामचे आहे ही नोंद सोडली नाही.

(१५) फळ मिळाले. हिंदी-ग्रीक राजांच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस तेव्हा अज्ञात असलेली खरोष्ठी. एकच राजनाम, एकच बिरुद, दोन लिप्यांत. मिनँडर, अपोलोडोटस, हर्मायस ही नावे आणि ‘राजा’, ‘त्राता’ ही बिरुदे ठरावीक अक्षरसमूहांशी जुळतात, हे मॅसनच्या ध्यानात आले आणि त्याने ते कळविले. कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची पारख करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपने तो धागा पुढे नेला व मॅसनला त्याचे श्रेय दिले. पळून गेलेल्या शिपायाची हौस एका मृत लिपीला वाचा फोडण्यास कारण झाली, हे कोणी नाकारू नये.

(१६) पण ती वाचा योगायोगाने फुटली नाही. त्या माणसाशी भेट हा योगायोग. त्यापुढची वर्षानुवर्षांची नोंद, मोजणी, रेखाटने, पत्रव्यवहार हे योगायोग नव्हेत. ‘संग्राहकांनी वाचविले’ हे वाक्य मॅसनला लागू पडते, कारण त्याने नाण्यांबरोबर गावाचे नावही वाचविले. तेच वाक्य ढाल म्हणून वापरणाऱ्यांपैकी किती जणांच्या अल्बममध्ये नाण्याखाली गावाचे नाव लिहिलेले असते?

(१७) आणि मॅसनचीही मर्यादा ध्यानात घ्यावी. नाणी विकत घेतलेली असल्यामुळे मैदानात कोणते नाणे कोठे, कोणासोबत पडले होते, हे त्यालाही ठाऊक नव्हते. पुढे त्याचा संग्रह लंडनला गेला, फुटला, काही भाग लिलावात विकला गेला. तो पुन्हा जुळवायला विसाव्या शतकाच्या शेवटी अभ्यासकांना वर्षे खर्चावी लागली. चांगल्या हौसेचीही ही गत.

(१८) वाईट हौसेचा हिशेब पाहायचा तर जेम्स टॉड आहेच. राजस्थानचा इतिहासकार म्हणून तो आजही पूज्य मानला जातो. मथुरा व अन्य जुन्या नगरांत पावसाळ्यात तो माणूस नेमी. पाण्याच्या लोंढ्याने जुन्या भिंतींचे पाये उघडे पडत आणि त्यांतून निघालेली नाणी गोळा केली जात. बारा वर्षांत सुमारे २०,००० नाणी जमली. त्यांत लक्ष देण्याजोगी शंभरही नसतील, असे टॉडने स्वतःच लिहिले आहे.

(१९) उरलेली १९,९०० ‘लक्ष देण्याजोगी नव्हती’. कोणत्या थरातून, कोणत्या वाड्यातून, कोणत्या प्रमाणात आली होती? मथुरेच्या बाजारात कोणत्या राजाचा पैसा किती काळ चालला, हे त्या सामान्य नाण्यांनीच सांगितले असते. दुर्मीळ नाणे राजाची हौस सांगते. सामान्य नाणे बाजार सांगते. टॉडने अपोलोडोटस आणि मिनँडर शोधले, मथुरा हरवली.

(२०) दोनशे वर्षांनंतर टॉडचे गणित बदललेले नाही. फक्त ते भ्रमणध्वनीवर आले आहे. ‘तुमच्याकडे हे नाणे असेल तर लाखो रुपये मिळतील’ अशा चित्रफिती तरुण मुले पाहतात, पुढे पाठवितात. त्यांतून काय शिकविले जाते? दुर्मीळ ते ठेवा, सामान्य ते फेका. आणि विकण्यापूर्वी चिंच-लिंबाने घासून लख्ख करा! तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर हे नाण्याचे कवच असते. ते गेले की नाण्याचा पृष्ठभाग जातो आणि पुष्कळदा अक्षरांची कडही जाते. चोराने केले नसते इतके नुकसान अर्धे लिंबू करते.

(२१) मराठी तरुणाच्या सर्वांत जिव्हाळ्याचे नाणे म्हणजे शिवराई. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसरीस ‘छत्रपति’. समाजमाध्यमांवर जी शिवराई दिसेल ती ‘महाराजांच्या हाताने स्पर्शिलेली’ म्हणून विकली जाते. वस्तुस्थिती अशी की महाराजांच्या नावाचे हे तांबे त्यांच्यानंतरही, पेशवाईत आणि त्याही पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत, निरनिराळ्या टांकसाळींत पडत राहिले. अक्षरांचे वळण बदलले, शुद्धलेखन बदलले, वजन बदलले. एका राजाचे नाव दीडशे वर्षे लोकांच्या कनवटीला राहिले, ही केवढी मोठी गोष्ट! पण ती विक्रीच्या जाहिरातीत बसत नाही, म्हणून सांगितली जात नाही.

(२२) बहुसंख्य शिवराई नाण्यांवर ना साल आहे, ना टांकसाळीचे नाव. मग कोणते वळण कोणत्या मुलखाचे, हे ठरवायचे कशाने? कोणत्या प्रकारची नाणी कोणत्या गावांत अधिक सापडतात, याच्या नोंदीने. दुसरा खात्रीचा मार्ग जवळपास नाही. आणि नेमकी तीच नोंद ‘एका मित्राने भेट दिली’, ‘जुन्या बाजारात मिळाली’ या दोन वाक्यांत पुसली जाते. महाराजांवरील भक्ती खरी असेल, तर त्यांच्या नाण्याच्या गावाचे नाव विचारण्याइतकी चिकाटी तिच्यात असायला हवी.

(२३) येथे कायद्याकडे वळावे लागते. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक. दडविल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मालक न आढळल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे, एक चतुर्थांश जमीनमालकाचे. इतके वाचून शेतकऱ्याला ‘इतिहासाचा चोर’ म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांनी त्याच कायद्याचे पुढचे कलमही वाचावे.

(२४) सरकारला तो निधी हवा असेल, तर भरपाई किती? धातूची किंमत आणि तिच्यावर एक पंचमांश. नाण्याची नव्हे, धातूची. सातवाहनांची असंख्य नाणी शिशाची व पोटीनची आहेत. पैठणच्या शिवारात शिशाच्या नाण्यांनी भरलेले मडके सापडले, तर कायद्याच्या हिशेबाने त्याची किंमत भंगाराचा भाव अधिक वीस टक्के. वर पंचनामा, तालुक्याच्या खेपा आणि ‘आणखी कुठे पुरले आहेस?’ हा प्रश्न. शेजारच्या गावचा दलाल मात्र रात्रीतच रोख देतो आणि काही विचारत नाही. बेग्रामच्या माणसाची धास्ती आणि मराठवाड्यातील शेतकऱ्याची धास्ती यांत फार अंतर नाही.

(२५) म्हणून दोष वाटायचा तर क्रम नीट लावावा. पहिला दोष नाण्याला भंगार मानणाऱ्या कायद्याचा. दुसरा, साठा फोडून सुटे नाणे विकणाऱ्या दलालाचा. तिसरा, न विचारता घेणाऱ्या हौशी गिऱ्हाइकाचा. आणि तिसऱ्यावरच पहिले दोन जगतात. नांगरधारी माणूस या यादीत शेवटी येतो, आला तर.

(२६) दुसरीकडे काय घडू शकते? नोव्हेंबर १९९२, इंग्लंडच्या सफक परगण्यातील हॉक्सन गाव. एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याचा मित्र, निवृत्त माळी, धातुशोधक यंत्र घेऊन हातोडा शोधायला गेला आणि यंत्राने सोन्या-चांदीच्या नाण्यांवर आवाज दिला. योगायोगाची याहून लाडकी कथा कोणत्या स्मरणिकेला मिळणार!

(२७) पण त्या माळ्याने काही नाणी निघताच खोदणे थांबविले आणि अधिकाऱ्यांना कळविले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेला साठा जसा पुरला होता तसा उचलला. १४,८६५ रोमन नाणी, दागिने, चांदीचे चमचे. लाकडी पेटी कुजून गेली होती. तरी वस्तूंची मांडणी आणि लहान बिजागऱ्या-कुलपे जागच्या जागी मिळाल्यामुळे पेटीचा आकार आणि तिच्यातील कप्पे सांगता आले. बहुतेक चांदीची नाणी कडेने कातरलेली निघाली : रोमचा पुरवठा आटल्यावर लोक जुन्याच नाण्यांची चांदी छिलून काम भागवीत होते. सतरा लाख पन्नास हजार पौंडांचे बक्षीस मिळाले, ते माळ्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. किंमत बाजारभावाने ठरली होती, चांदीच्या तोळ्याने नव्हे.

(२८) पुढे तेथे कायदा सुधारला. १९९७ पासून कोणीही सापडलेली वस्तू जवळच्या नोंदणी अधिकाऱ्याला दाखवावी, त्याने जागा टिपून घ्यावी आणि वस्तू बहुधा परत द्यावी, अशी योजना चालू आहे. दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली. ज्या देशाने भारतासाठी १८७८ चा कायदा लिहिला, त्याने स्वतःसाठी निराळा विचार केला. भारताने मात्र तो जुना कायदा दीडशे वर्षे जपून ठेवला आहे. एवढ्या निष्ठेने नाणी जपली असती तर!

(२९) परदेशाचेच दाखले कशाला, असे कोणी म्हणेल. तर धाराशिव जिल्ह्यातील तेरला जावे. प्राचीन तगर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्याच गावाच्या पांढरीत सापडलेली नाणी, मणी, मृण्मूर्ती, शंखाच्या वस्तू जमविल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय गावात उभे आहे. पैठणला बाळासाहेब पाटील यांच्या संग्रहाचेही तसेच.  या माणसांच्या संग्रहातील वस्तूला ‘तू कोठली?’ असे विचारले तर ती उत्तर देते, कारण संग्रहाची सीमा आणि गावाची सीमा जवळपास एकच होती. दुर्मीळतेच्या मागे देशभर धावणाऱ्या श्रीमंत संग्रहांपेक्षा तेरचे एक फुटके मृण्मय खेळणे म्हणूनच अधिक बोलके ठरते.

(३०) ज्या तरुणांना नाण्यांची ओढ आहे त्यांनी ती सोडावी, असा या धाग्याचा आग्रह नाही. नाशिकजवळच अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे, तेथे जाऊन ती ओढ पक्की करावी. पण विक्रेत्याला किंमत विचारण्यापूर्वी गाव विचारावे. त्याने सांगितले नाही, तर नाणे ठेवून उठावे. पाच जण उठून गेले तर काही होणार नाही. पाचशे उठून गेले, तर सहाव्या महिन्यात दलालच शेतकऱ्याला गावाचे नाव विचारू लागेल, कारण गावासकट नाण्याला गिऱ्हाईक असेल. खोटी गावेही सांगितली जातील, हे खरे. खोट्या लेखांनी शिलालेखांचे शास्त्र बंद पडले नाही. खोट्या गावांनी हेही बंद पडणार नाही.

(३१) नहपानाची चांदीची नाणी आजही लिलावांत सुटी विकली जातात. काही कोरी, काही गौतमीपुत्राचा डोंगर चेहऱ्यावर वागविणारी. वर्णनात वजन असते, व्यास असतो, झीज किती आणि अपेक्षित बोली किती हेही असते. गावाच्या नावाची जागा बहुधा रिकामी असते.